म्हातारपणी मेंदू साखर कमी का खातो?

पेट स्कॅन, म्हणजे शरीरात कुठे किती साखर वापरली जाते हे दाखवणारी तपासणी, म्हटलं की आपल्याला पटकन कॅन्सर आठवतो. पण विसरभोळेपणा फार वाढला, तर काही वेळा मेंदूचाही पेट स्कॅन सांगितला जातो. मग रिपोर्ट घरी येतो आणि त्यातला 'हायपोमेटाबोलिझम' हा एक शब्द सगळ्या घराची झोप उडवतो. मुलगा मोबाइलवर शोधत बसतो, नात्यातल्या कुणा डॉक्टरला फोन जातो, आणि ज्यांचा स्कॅन झाला ते आजोबा "माझा मेंदू वाळत चाललाय म्हणे" असं म्हणून गप्प होतात.

त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की मेंदूच्या एखाद्या भागात साखर कमी वापरली जाते आहे. ही आजाराची खूण असू शकते आणि नुसत्या वयाचीही. इथे मी मुख्यतः वयाबद्दल लिहिणार आहे. म्हणजे नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे भरभर चालणाऱ्या, घरचे हिशेब स्वतः ठेवणाऱ्या, पण शेजारच्या नातवाचं नाव ऐन वेळी न आठवणाऱ्या धडधाकट माणसांबद्दल. अशांच्या मेंदूतही साखरेचा वापर बदलतो. तो का बदलतो हे कळलं, तर अर्धी भीती तिथेच जाते. उरलेली अर्धी कुठे लावायची, हेही कळतं. ती लावायची जागा आहे रक्तवाहिन्या.

मेंदूचा रोजचा खर्च

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा असतो, म्हणजे वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण माणूस स्वस्थ पडलेला असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. रोजच्या ३०० ते ४०० कॅलरी, आणि त्या जवळजवळ सगळ्या ग्लुकोजमधून. दिवसाकाठी १०० ग्रॅमच्या वर ग्लुकोज मेंदू रक्तातून उचलतो.

एवढं करतो काय? मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी विजेच्या आणि रसायनांच्या संदेशांनी बोलतात. प्रत्येक संदेशानंतर सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत, अशी क्षारांची पुन्हा मांडणी करावी लागते. खर्चाचा सर्वांत मोठा भाग या मांडामांडीवर जातो. ही आपण झोपलो तरी चालू, टीव्हीसमोर बसलो तरी चालू.

शिवाय मेंदूकडे साठा जवळपास नाही. स्नायूंत आणि यकृतात साखर साठवलेली असते, मेंदूत ती नाममात्र असते. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून मेंदूच्या ऊर्जेचा विचार करताना 'किती खाल्लं' यापेक्षा 'किती पोहोचलं' याला जास्त महत्त्व आहे. पुढचं बरंच काही याच एका गोष्टीवर उभं आहे.

"डोकं जास्त चालवलं की इंधन जास्त जळत असेल ना?"

हे इतकं सहज पटतं, की कुणी तपासायलाही जाणार नाही. पण तपासलं गेलं आहे. अमेरिकेत सीमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा मोजण्याची पद्धत बसवली. नायट्रस ऑक्साइड थोड्या प्रमाणात हुंगवायचा, मेंदूत जाणारं आणि मेंदूतून परत येणारं रक्त तपासायचं आणि फरकावरून हिशेब मांडायचा. हीच पद्धत वापरून १९५५ मध्ये लुई सोकोलोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना तोंडी गणितं घातली. गणितं करताना अख्ख्या मेंदूच्या ऑक्सिजन वापरात फरक पडलाच नाही.

पुढच्या काळातल्या मापनांतही तेच दिसलं. अवघड काम करताना मेंदूचा एखादा छोटा भाग जास्त खातो, पण एकूण खर्चातली वाढ ५ टक्क्यांच्या आतच राहते. बाकीचा ९५ टक्के खर्च हा पाठीमागे सतत चालणाऱ्या कामाचा. दुपारभर फॉर्म भरून डोकं शिणलं, तर त्याचा अर्थ साखर संपली असा होत नाही. आणि म्हातारपणी मेंदू बदलतो तो मुख्यतः या पाठीमागच्या सततच्या खर्चात.

साखर दोन कामांना लागते

इथे थोडं थांबावं लागेल, कारण गाभा इथेच आहे.

ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात. त्यातून पेशीला ऊर्जेची सुमारे तीस 'नाणी' मिळतात. ऑक्सिजनशिवाय अर्धवट मोडला तर अवघी दोन. मेंदूला ऑक्सिजन भरपूर मिळत असतो, म्हणजे त्याने सगळी साखर पूर्णच जाळावी अशी आपली अपेक्षा. पण तरुण निरोगी मेंदूत साखर आणि ऑक्सिजन दोन्ही मोजले, तेव्हा हिशेब जुळेना. साखर जेवढी उचलली जात होती, तिच्या मानाने ऑक्सिजन कमी पडत होता. साधारण १० ते १२ टक्के साखर ऑक्सिजन हाताशी असूनही पूर्ण जाळली जात नव्हती. याला 'एरोबिक ग्लायकोलिसिस' म्हणतात. आपण तिला वरकड साखर म्हणू. (कॅन्सरच्या पेशींमध्ये हाच प्रकार ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिला होता. पेट स्कॅनमध्ये गाठी चमकतात त्या साखरेच्या याच हावरेपणामुळे.)

मग ही वरकड साखर जाते कुठे? निफाड किंवा दिंडोरीकडे नवी द्राक्षबाग कधी जवळून पाहिली असेल, तर हे चटकन कळेल. लागवडीच्या पहिल्या वर्षी बागायतदार घड धरत नाही. खत, पाणी, ऊन, वेलीला जे काही मिळेल ते खोड आणि ओलांडे तयार करण्यात जातं. सांगाडा एकदा उभा राहिला की एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी असा क्रम लागतो आणि वेलीचा जोर घडांकडे वळतो. मिळालेल्या अन्नातलं काही बांधकामावर जातं, काही उत्पन्नावर. बागेच्या वयाप्रमाणे ही वाटणी बदलते.

मेंदूतही साखर अशीच वाटली जाते. पूर्ण जाळलेली साखर रोजचं काम चालवते. न जाळलेल्या साखरेतले कार्बनचे तुकडे नव्या जोडण्या बांधायला, जुन्या दुरुस्त करायला, पेशींची आवरणं तयार करायला कामी येतात. मेंदूच्या ज्या भागांत वरकड साखर जास्त वापरली जाते, तिथे पेशींची वाढ आणि नव्या जोडण्या यांच्याशी संबंधित जनुकंही जास्त सक्रिय असतात, हे अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मनु गोयल आणि मार्कस रेचल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं.

बालपण ते म्हातारपण

मेंदू सर्वांत जास्त खातो तो तरुणपणी नव्हे, लहानपणी. तीन-चार वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूपेक्षा जास्त साखर वापरतो. हे प्रमाण काही काळ जवळपास दुपटीचं राहतं आणि वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर हळूहळू उतरत विशीच्या सुमारास मोठ्यांच्या पातळीला येतं. हे १९८७ मध्ये हॅरी चुगानी आणि सहकाऱ्यांनी मोजलं. २०१४ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की पाच वर्षांच्या आसपास विश्रांतीच्या वेळच्या एकूण ऊर्जेचा सुमारे दोन तृतीयांश वाटा मेंदूच घेतो. बालवाडीतलं पोर उंचीने सावकाश वाढतं त्यामागे हे एक कारण असावं, असं त्या संशोधकांनी मांडलं.

म्हणजे मेंदूच्या साखरेत पहिली मोठी घट होते ती शाळेच्या वयात. तिला आपण कुणी ऱ्हास म्हणत नाही, उलट 'पोरगं शहाणं झालं' म्हणतो. म्हातारपणीच्या घटीकडे पाहताना हे लक्षात ठेवलं पाहिजे.

म्हातारपणाचं पहिलं नीट मापन झालं, त्यात एक मुंबईकर होते. डॉ. दराब दस्तूर हे आपल्याकडच्या मेंदू-विकृतिशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. ते अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सोकोलोफ यांच्या गटात काम करत होते. त्याआधीचे अभ्यास सांगत होते, की वय वाढलं की मेंदूचा रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन दोन्ही घटतात. पण त्या अभ्यासांतले म्हातारे बहुतेक रुग्णालयातले होते. दस्तूर आणि सहकाऱ्यांनी कसून तपासणी करून अगदी निरोगी वृद्ध पुरुष वेगळे काढले आणि त्यांची तुलना तरुणांशी केली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला आजही थक्क करतो. निरोगी वृद्धांच्या मेंदूचा रक्तपुरवठा आणि ऑक्सिजनचा वापर तरुणांइतकाच होता. साखरेचा वापर मात्र कमी होता. आणि ज्या वृद्धांना वरवर काहीच त्रास नव्हता पण तपासणीत रक्तवाहिन्या कडक झाल्याची चिन्हं सापडली होती, त्यांचा रक्तपुरवठा कमी भरला.

ऑक्सिजन तेवढाच आणि साखर कमी, याचा अर्थ काय लावायचा हे त्या वेळी सांगता आलं नाही. उत्तर यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. २०१७ मध्ये गोयल यांच्या गटाने २० ते ८२ वर्षं वयाच्या निरोगी माणसांचे पेट स्कॅन आणि आधीचे प्रसिद्ध अभ्यास एकत्र तपासले. वय वाढतं तशी वरकड साखर कमी होत जाते आणि साठीनंतर ती जवळजवळ शून्यावर येते, असं त्यांना आढळलं. जाळली जाणारी साखर तुलनेने बरीच टिकून राहते. घट झाली ती मुख्यतः बांधकामाच्या खात्यात.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे काहीच बिघडलं नाही. तसंही म्हणता येणार नाही. नवं ॲप शिकायला सत्तरीत जास्त दिवस लागतात, नवी नावं लवकर पक्की होत नाहीत, झोपमोड झाली की सावरायला वेळ लागतो. बांधकामाची साखर आटण्याशी याचा संबंध असावा, असं मानायला जागा आहे. पण शब्दसंपदा, माणसांची पारख, प्रसंगातलं तारतम्य यांचा सांगाडा कधीच उभा झालेला असतो. तो चालवायला लागणारी साखर मेंदूला मिळत राहते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला बसलेली पांढऱ्या केसांची मंडळी दीड तासाचं भाषण ऐकून नेमका प्रश्न विचारतात, ते याच जोरावर.

"पण मेंदू आकसतो, म्हणून आकडा कमी दिसत असेल"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. शास्त्रज्ञांनीच तो घेतला. साठीनंतर मेंदूचं आकारमान वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी होतं. पेट स्कॅनचं चित्र तसं धूसर असतं. मेंदूच्या वळ्या बारीक झाल्या आणि मधली पाण्याची जागा वाढली, तर यंत्र दोन्हींची सरासरी धरतं, आणि त्या जागी साखर आहे त्यापेक्षा कमी दिसते. ही चूक गणिताने दुरुस्त केल्यावर वयामुळे दिसणारी बरीच घट पुसट होते. काही अभ्यासांत ती जवळपास नाहीशीच झाली. २०११ मध्ये एमआरआयने केलेल्या एका मापनात तर वयानुसार रक्तपुरवठा घटलेला, पण उरलेल्या ऊतीचा ऑक्सिजन वापर उलट किंचित वाढलेला आढळला.

हा वाढीव खर्च कशाचा, याचा एक धागा दुसरीकडून मिळतो. तरुण माणूस एखाद्या आठवणीच्या कामाला कपाळामागच्या भागाची एकच बाजू प्रामुख्याने वापरतो, तिथे चांगली कामगिरी करणारे ज्येष्ठ दोन्ही बाजू कामाला लावतात. २००२ मध्ये रॉबर्टो काबेझा यांनी हे दाखवलं. विशेष म्हणजे ज्या ज्येष्ठांची कामगिरी कमी पडली, ते तरुणांसारखीच एक बाजू वापरत होते. त्याच निकालासाठी जास्त भाग राबवणं म्हणजे जास्त खर्च, पण काम होतं.

आकसण्याचा हिशेब धरूनही जी घट उरते, ती सगळीकडे सारखी नसते. कपाळामागचा भाग आणि कानशिलाजवळचा भाग यांत ती जास्त. डोक्याच्या मागच्या बाजूचा, दृष्टी सांभाळणारा भाग आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू यांत कमी. कपाळामागचा भाग योजना आखतो, दोन कामं एकदम सांभाळतो. गॅसवर दूध ठेवून फोन घेतला की दूध उतू जातं, ते इथल्या घटीला धरूनच आहे.

हे अल्झायमरचं पहिलं पाऊल आहे का?

सर्वांत मोठी धास्ती हीच. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी पाहणीवरून काढला गेला. ती संख्या ८८ लाखांच्या आसपास जाते. आकडा लहान नाही. पण उलट बाजूने वाचला तर साठीपुढच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना तो आजार नाही.

अल्झायमरमध्ये साखरेची घट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. ती मुख्यतः मेंदूच्या मागच्या मधल्या भागात आणि कानाच्या वर-मागे असलेल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत दिसते. ती तीव्र असते आणि मेंदू आकसल्याचा हिशेब वजा केल्यावरही उरते. निरोगी वयातली घट सौम्य असते आणि पुढच्या बाजूला कललेली असते. रेडिऑलॉजिस्ट म्हणूनच 'किती' इतकंच 'कुठे' बघतात, आणि रुग्णाच्या वयाच्या निरोगी माणसांशी तुलना करतात. रिपोर्टमधला एक शब्द सुटा काढून इंटरनेटवर टाकला, तर ही सगळी तुलना हरवते आणि नुसती भीती हाती येते.

एक साधी गोष्टही आकडा बिघडवते. तपासणीच्या वेळी रक्तातली साखर वाढलेली असेल, तर सुईतून दिलेली खुणेची साखर मेंदूत कमी शिरते आणि चित्र फिकट येतं. म्हणून तपासणीआधी उपाशी राहायला सांगतात, साखर मोजतात, शांत अंधुक खोलीत बसवतात. मधुमेही घरातल्यांनी हे सूचनापत्रक जरा काळजीने वाचावं.

मग साखर जास्त खाल्ली तर?

'मेंदूसाठी ग्लुकोज' म्हणून पावडरी, चॉकलेटं, टॉनिकं विकली जातात. नातवंडं प्रेमाने आणूनही देतात. याचा उपयोग नाही, आणि नुकसान होऊ शकतं.

मेंदू रक्तातून साखर घेतो ती स्वतःच्या गरजेइतकी, ठरावीक वाहकांमार्फत. रक्तात साखर दुप्पट केली म्हणून मेंदू दुप्पट काम करत नाही. वयात कमी झाली आहे ती मागणी, आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील तर पोहोच. साखर ओतून यांतलं काहीच सुधारत नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड आणि चिवट होतात, म्हणजे पोहोच आणखी कमी होते. मधुमेह जितक्या लहान वयात सुरू होतो तितका पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त, हे लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या दीर्घ अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रत्येक घरात माहीत हवा. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांनी जेवण चुकवलं, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, अचानक चिडचिड ही त्याची लक्षणं. मेंदूकडे साठा नसल्यामुळे हे मिनिटांत गंभीर होतं. माणूस गिळू शकत असेल तर अशा वेळी साखर-पाणी लगेच द्यायचं, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. एकादशी आणि चातुर्मासातले उपवास धरणाऱ्या मधुमेही आजी-आजोबांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधी विचारून ठरवाव्यात.

उपवास, कीटोन आणि खोबरेल तेल

उपवासाचा विषय निघालाच आहे, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका गोष्टीकडे वळू. 'मेंदूला साखर नको, चरबी द्या' असा तो संदेश. त्यात सत्याचा अंश आहे. साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं दुसरं इंधन तयार करतं आणि मेंदू ते आनंदाने घेतो. १९६७ मध्ये जॉर्ज केहिल यांच्या गटाने पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या स्वयंसेवकांमध्ये पाहिलं, की मेंदूचं निम्म्याहून जास्त इंधन कीटोनमधून येत होतं. कॅनडातले स्टीफन कुनेन यांनी अलीकडे दाखवलं, की साखरेचा वापर घटलेल्या ज्येष्ठांच्या मेंदूतही कीटोन घेण्याची क्षमता जवळपास शाबूत असते. स्मरणशक्तीच्या सौम्य तक्रारी असलेल्या लोकांना त्यांच्या गटाने खास तयार केलेलं तेलयुक्त पेय सहा महिने दिलं, तेव्हा मेंदूचा कीटोन वापर वाढला आणि काही चाचण्यांत थोडी सुधारणाही दिसली.

पण यातून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत थेट उडी मारता येत नाही. त्या पेयातली तेलं निवडून काढलेली होती. आपल्या खोबरेल तेलात ती थोडीच असतात, मुख्य भाग वेगळ्या आम्लाचा असतो आणि तो कीटोन फारसे वाढवत नाही. आणि आपला उपवास? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. यात पिष्ट भरपूर. साबुदाणा तर जवळजवळ शुद्ध पिष्ट. अशा उपवासात यकृताला कीटोन करण्याची वेळच येत नाही. श्रद्धेने उपवास जरूर करावा, पण तो मेंदूचं औषध म्हणून करू नये.

पोहोच टिकवणं

दस्तूर यांच्या अभ्यासाकडे पुन्हा पाहा. निरोगी वृद्ध आणि रक्तवाहिन्या बिघडलेले वृद्ध यांच्यात फरक होता तो रक्तपुरवठ्याचा. वरकड साखर वयानुसार आटते, तिला परत आणणारं औषध आज बाजारात नाही. पण रोजच्या कामाची साखर आणि ऑक्सिजन पोहोचवणाऱ्या वाहिन्या सांभाळता येतात.

त्यातला सर्वांत पक्का पुरावा रक्तदाबाचा आहे. नऊ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या 'स्प्रिंट' चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोष कमी आढळला, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. हे लक्ष्य प्रत्येकाला मानवत नाही. उभं राहताना चक्कर येणाऱ्यांना, पडण्याचा धोका असलेल्यांना डॉक्टर वेगळा आकडा ठरवतात. पण 'या वयात १६० चालतं' असं म्हणून गोळी सोडून देणं, हे आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत होतं, आणि ते मला मनापासून काळजीचं वाटतं. रक्तदाब दुखत नाही. म्हणूनच तो मेंदूच्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षं शांतपणे खराब करू शकतो.

दुसरं चालणं. ५५ ते ८० वर्षांच्या १२० लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं भरभर चालवलं, तेव्हा त्यांच्यात आठवणींसाठी महत्त्वाचा असलेला मेंदूचा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला, असं २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढी वाढ दिसली नाही. तरी रक्तदाब, साखर, झोप या तिन्हींवर चालण्याचा चांगला परिणाम होतो, याबद्दल वाद नाही. नाशिकला अजून यासाठी जागा आहेत. गोदापार्क, गोल्फ क्लबचा ट्रॅक, पांडवलेणीच्या पायऱ्या, सोमेश्वरकडचा रस्ता. गुडघे दुखत असतील तर सपाट ट्रॅक बरा, पायऱ्या नकोत.

तंबाखूचं मात्र मेंदूत कुठलंही सौम्य रूप नाही. मिश्री, गुटखा, विडी, सगळ्यांतलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. ज्येष्ठ बायकांच्या मिश्रीकडे घरात दुर्लक्ष होतं, ते होऊ नये.

बायकांचा मेंदू जास्त तरुण असतो?

गोयल यांच्या गटानेच २०१९ मध्ये २० ते ८२ वर्षांच्या २०५ निरोगी स्त्री-पुरुषांपैकी पुरुषांच्या साखरेच्या वापराचा नमुना संगणकाला शिकवला आणि त्यावरून स्त्रियांचं वय ओळखायला लावलं. स्त्रियांचा मेंदू त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी ३.८ वर्षांनी तरुण भासला, आणि हा फरक विशीपासूनच होता. तरीही अल्झायमरच्या रुग्णांत स्त्रिया जास्त आहेत, काही अंशी त्या जास्त जगतात म्हणून. तेव्हा घरातल्या आजींच्या विसरण्याला 'तिचं काय, कामाच्या गडबडीत' असं म्हणून सोडून देऊ नये. तपासणीला नेण्यात आपल्याकडे आजोबांचा नंबर आधी लागतो, हे दुर्दैवाने खरं आहे.

कधी काळजी करायची

नाव आठवत नाही पण संध्याकाळी आपोआप आठवतं, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही, खोलीत आलो कशाला ते क्षणभर विसरलं, ही बहुतेक वेळा वयाची लक्षणं. रोजच्या वाटेवर रस्ता चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं, नेहमीचा स्वयंपाक जमेनासा होणं, पैशांच्या व्यवहारात वारंवार घोळ होणं, स्वभाव एकदम पालटणं, यांपैकी काही दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

तिथे गेल्यावर पहिली मागणी पेट स्कॅनची करू नका. आधी साध्या तपासण्या होऊ द्या. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते, आणि तिच्यामुळे येणारा विसराळूपणा वेळेत इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतल्या तर सुधारू शकतो. थायरॉइड मंदावल्यानेही डोकं जड आणि संथ होतं. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती तात्पुरती बिघडवतात, म्हणून घरातली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्या. एकटेपणाने आलेलं नैराश्य पुष्कळदा विसरभोळेपणाचं सोंग घेऊन येतं. कानांची तपासणीही करून घ्या. ऐकूच नीट आलं नाही तर मेंदूकडे लक्षात ठेवायला काही पोहोचत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी जी १४ कारणं सांगितली, त्यांत ऐकू कमी येणं आहे, आणि त्याच्याच बरोबर रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा आणि हवेचं प्रदूषणही आहे. हे सगळं तपासून झाल्यावरही शंका उरली, तर एमआरआय आणि गरज असेल तर पेट स्कॅन. तेव्हा रिपोर्ट घेताना डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: साखर कमी दिसते ती नेमकी कुठे, आणि माझ्या वयाच्या निरोगी माणसाच्या मानाने किती?